मांडीतली गोळी, महिना चार डॉलर: अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी शिपायाचं पेन्शनचं पाकीट कसं वाचावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराण्यातला एक पूर्वज पेनसिल्व्हेनियाच्या पायदळ पलटणीत साधा शिपाई होता. २ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईत त्याच्या डाव्या मांडीत गोळी लागली. पाय वाचला आणि १८६४ च्या फेब्रुवारीत अपंग म्हणून त्याला घरी पाठवलं. त्याच्या पेन्शनच्या पाकिटाच्या, म्हणजे दाव्याचे सगळे कागद ठेवलेल्या सरकारी फाइलच्या, स्कॅन केलेल्या प्रती हाती आल्या आहेत. त्यात १८६४ साली महिना ४ डॉलर मंजूर झाल्याचं दिसतं. १८७७ चा वाढीचा अर्ज नामंजूर आहे. १८८८ च्या एका कागदावर '८/१८' असा आकडा आहे, आणि त्याच वर्षी हृदयविकार व संधिवाताचा दावा फेटाळलेला आहे. इतकी गंभीर जखम असून एवढी कमी रक्कम का, दावे का फेटाळले गेले, आणि हे आकडे म्हणजे काय?

पाकीट पुन्हा उघडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. सरकार जखमेचे पैसे देत नव्हतं, पुराव्याच्या साखळीचे देत होतं. या साखळीला चार कड्या होत्या. भरती होताना माणूस धडधाकट होता. इजा कर्तव्यावर असताना झाली. ती इजा तेव्हापासून आजपर्यंत सलग चालू आहे. आणि तिच्यामुळे अंगमेहनतीची कुवत अमुक इतकी घटली आहे. फेटाळलेला कुठलाही दावा हातात घेतला तर यातली एखादी कडी तुटलेली सापडते. आपल्याकडे सैनिकाच्या डिसॅबिलिटी पेन्शनसाठी ज्यांनी उंबरठे झिजवले आहेत त्यांना हे नवीन वाटणार नाही. अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे बळावलं का आणि ते किमान २० टक्के आहे का, हा आपल्याकडचा वादही त्याच जातीचा आहे.

आता तुमच्या कागदांकडे. पहिला अर्ज १४ जुलै १८६२ च्या कायद्याखालचा आहे. या कायद्यात पूर्ण अपंगत्वाचा दर हुद्द्यावर ठरत असे. लेफ्टनंट कर्नल आणि त्यावरच्यांना महिना ३० डॉलर, कॅप्टनला २०, सेकंड लेफ्टनंटला १५ आणि शिपायापासून सार्जंटपर्यंत सगळ्यांना ८. त्या वेळी शिपायाचा पगारच महिना १३ डॉलर होता. अपंगत्व अर्धवट असेल तर या ८ डॉलरचा अपूर्णांक मिळे: पाव म्हणजे २, निम्मं म्हणजे ४, पाऊण म्हणजे ६. तुमच्या पूर्वजाचे ४ डॉलर म्हणजे 'निम्मं अपंगत्व'.

हे निम्मं ठरवलं कुणी? पाकिटात 'अपंगत्वामुळे मुक्ततेचा दाखला' शोधा. इस्पितळातला लष्करी सर्जन शिपायाला सोडताना हा भरत असे आणि त्यात अपंगत्वाचं प्रमाणही लिहीत असे. गेटिसबर्गचे जखमी आधी शेतातल्या तंबूत, मग जुलैअखेर उघडलेल्या कॅम्प लेटरमन इस्पितळात, आणि तिथून अनेक जण फिलाडेल्फियाच्या सॅटरली इस्पितळासारख्या मोठ्या ठिकाणी गेले. रोज शेकडो माणसं तपासणाऱ्या सर्जनने दोन ओळींत लिहिलेलं प्रमाण पुढे वर्षानुवर्षं शिपायाच्या मागे लागे. वाढीच्या प्रत्येक अर्जात कारकून आधी तोच दाखला काढून बघे. म्हणून १८६४ च्या दाखल्यातला शब्द न् शब्द उतरवून घ्या: गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली, हाड मोडलं की नुसतं मांस फाटलं. दाखल्यात 'मांसल भागाची जखम' असेल आणि वीस वर्षांनी अर्जदार हाडाबद्दल बोलत असेल, तर ती विसंगती कार्यालयाच्या नजरेतून सुटत नसे.

पहिल्या अर्जाची पद्धत ठरलेली होती. अर्जदार न्यायालयाच्या कारकुनासमोर शपथेवर निवेदन देई. त्यात हुद्दा, कंपनी, पलटण, कॅप्टन आणि कर्नलचं नाव, जखमेची तारीख आणि जागा, कुठल्या इस्पितळात किती दिवस काढले, मुक्ततेची तारीख, तेव्हापासून कुठे राहिला आणि कोणतं काम केलं, हे सगळं यावं लागे. त्याला ओळखणारे दोन साक्षीदार सही करत. सोबत वकिलाचं मुखत्यारपत्र असे. ही रास वॉशिंग्टनला पेन्शन कार्यालयात गेली की कार्यालय युद्धखात्याच्या ॲडज्युटंट जनरलकडे (सैनिकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) चौकशी पाठवी आणि हजेरीपटावरची नोंद मागवी. मग पेन्शन आयुक्तांनी नेमलेला स्थानिक डॉक्टर अर्जदाराला तपासे. मुक्ततेपासून वर्षाच्या आत अर्ज केला तर पेन्शन मुक्ततेच्या दिवसापासून लागू होई, उशीर झाला तर अर्जाच्या तारखेपासून. तुमच्या पूर्वजाने मुदतीत अर्ज केला, म्हणून त्याचे महिने बुडाले नाहीत.

ज्यांचे बुडाले त्यांच्यासाठी पुढे २५ जानेवारी १८७९ चा थकबाकीचा कायदा आला. १ जुलै १८८० च्या आत दावा दाखल करणाऱ्याला मुक्ततेपासूनची सगळी रक्कम एकदम मिळू लागली. त्याने अर्जांचा पूर आला, छाननी कडक झाली आणि वकिलांचा धंदा फोफावला. तुमच्या पाकिटात थकबाकीचा कागद नसेल तर ती चूक नाही. त्याला पहिल्या दिवसापासून पैसे मिळतच होते.

१८७७ चा अर्ज का फेटाळला गेला, याचं उत्तर बहुतेक त्या वर्षीच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदात मिळेल. पाकिटातला सर्वांत मोलाचा कागद तोच असतो, आणि लोक तो घाईत उलटून जातात. नंतरच्या काळातल्या छापील नमुन्यावर माणसाच्या आकृत्या असत, एक समोरून, एक पाठीमागून. डॉक्टर त्यावर शाईने गोळीची आत-बाहेरची जागा दाखवत. शेजारी व्रणाचं वर्णन असे: लांबी-रुंदी इंचात, खोलगट आहे का, हाताला दुखरा लागतो का, आणि खाली हाडाला चिकटलेला आहे का. या 'चिकटलेला' शब्दाला फार वजन होतं. चिकटलेला व्रण म्हणजे स्नायू हाडावर मोकळा सरकत नाही, चालताना ओढ बसते, चढावर पाय उचलत नाही. दुसरी महत्त्वाची नोंद म्हणजे दोन्ही मांड्यांचा घेर. चांगल्या डॉक्टरने दोन्ही बाजूंना गुडघ्यापासून सारख्याच अंतरावर फीत लावून मोजलेलं असतं. जखमी मांडी इंच-दीड इंचाने बारीक भरली तर स्नायू सुकल्याचा तो पुरावा ठरे. नुसत्या 'पाय दुखतो' या तक्रारीला तसा आधार नसे.

इथे नशिबाचाही वाटा होता. त्या युद्धातली 'मिनी' गोळी (मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाची) म्हणजे मऊ शिशाचा जड तुकडा. हाडाला लागली की हाडाचा चुरा होई आणि कपड्याचे धागे, माती जखमेत ओढली जात. वरून भरलेली जखम वर्षं-दोन वर्षांनी पुन्हा फुटे, पू वाहे आणि हाडाचा एखादा कुजलेला तुकडा बाहेर येई. मग परत काही महिने शांत. तपासणीच्या दिवशी जखम वाहत असेल तर डॉक्टर वरचा दर सुचवे, बंद असेल तर 'बरी झाली' लिहून मोकळा होई. माणूस आणि पाय तोच असला तरी तपासणीचा महिना बदलला की दर बदले. १८७७ च्या कागदावर 'व्रण बरा, स्राव नाही' असं काही असेल तर तुमचं कारण तिथेच आहे. अशा वेळी जाणता वकील हाडाचा तुकडा बाहेर पडल्याचं पाहिलेल्या शेजाऱ्याचं आणि घरच्या डॉक्टरचं शपथपत्र जोडत असे. पाकिटात ती दिसत नसतील तर अर्ज मुळातच लंगडा गेला होता.

आता '८/१८'. हा वैद्यकीय अंश वाटतो, पण आहे डॉलरचा हिशेब. १८७२-७३ च्या कायद्यांनी एक हात किंवा एक पाऊल गमावल्याचा दर महिना १८ डॉलर केला. त्याहून हलक्या इजा मग या अठराच्या भागांत मोजायची रीत पडली. वरचा आकडा म्हणजे डॉलर. ६/१८ म्हणजे ६ डॉलर, ८/१८ म्हणजे ८. तर १८८८ ला तुमचा पूर्वज चारावरून आठावर गेला होता. ही वाढ अर्जाच्या तारखेपासून न मिळता, ज्या तपासणीत वाढीव अपंगत्व सिद्ध झालं त्या तपासणीच्या तारखेपासून मिळे. अर्ज आणि तपासणी यांत वर्ष गेलं तर वर्षभराची वाढ बुडाली. दोन्ही तारखा शेजारी ठेवून बघा.

त्याच काळात अवयव गमावलेल्यांचे दर मात्र भराभर वाढत गेले. एक हात किंवा एक पाऊल गेल्यास १८६६ ला १५ डॉलर, मग १८, १८८३ ला २४, १८८६ ला ३०. गुडघ्यावर पाय कापला असेल तर १८८६ पासून ३६. दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात गेलेल्यांना १८६४ ला २५ होते, ते १८७८ ला ७२ झाले. शिवाय कृत्रिम पायासाठी ७५ आणि हातासाठी ५० डॉलर सरकार देई, १८७० पासून दर पाच वर्षांनी नवा अवयव किंवा तेवढी रोख रक्कम. कापलेला पाय कुणालाही दिसतो, त्यावर वाद होत नाही. वाचलेला पण निकामी पाय मात्र दर वेळी सिद्ध करावा लागे. तुमच्या पूर्वजाचा पाय एखाद्या धडपडणाऱ्या सर्जनने वाचवला, आणि त्याची किंमत त्याने आयुष्यभर महिन्याला मोजली. या व्यवस्थेतला हा मोठा अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक कसोटी नीट समजून घ्या: 'अंगमेहनत'. माणूस प्रत्यक्ष काय काम करतो, किती कमावतो, हे कायदा पाहत नसे. शरीरकष्टाची क्षमता किती घटली एवढंच मोजलं जाई, मग तो शेतकरी असो की कारकून. जेम्स टॅनर या शिपायाचे दोन्ही पाय ऑगस्ट १८६२ मध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईत गुडघ्याखाली गेले. तो लघुलेखन शिकला, सरकारी नोकरीत वर चढला आणि १८८९ मध्ये काही महिने चक्क पेन्शन आयुक्तच झाला. त्यामुळे तुमच्या पाकिटात 'दुकान चालवतो, बरं चाललंय' अशी साक्ष असेल तर तेवढ्याने दर कमी झाला असं धरू नका.

१८८८ चा हृदयविकार आणि संधिवात. इथे तिसरी कडी, म्हणजे इजा तेव्हापासून सलग चालू असल्याची, तुटली असणार. जखमेपासून उद्भवलेला म्हणून दुसरा आजार दाखवायचा तर तो जखमेतूनच निघाला हे डॉक्टरने कारणांसह सांगावं लागे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा १८८७ ला डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला ते जमत नसे. त्याआधीचा डॉक्टर वारलेला, त्याच्या वह्या हरवलेल्या. वारलेल्या डॉक्टरच्या जागी शेजाऱ्यांची आणि सोबत्यांची शपथपत्रं चालत, पण त्यांत 'त्याला नेहमी त्रास होत असे' एवढंच असलं तर उपयोग शून्य. 'कापणीच्या वेळी तो गड्याबरोबर उभा राहू शकत नसे, मी त्या शेतावर अमुक ते अमुक सालात होतो' असं असलं तर ते टिके. साक्षीदाराला ही गोष्ट कशी माहीत झाली, हे शपथपत्रात आलं पाहिजे.

तीन-चार शपथपत्रं एकाच हस्ताक्षरात, एकाच वाक्यरचनेत दिसली तर ती वकिलाच्या कचेरीत तयार झालेली. कार्यालयाला हे कळे. डॉक्टरचं निवेदन स्वतःच्या अक्षरात मागितलं जाई ते त्यासाठीच. वकिलाची फी १८६४ पासून १० डॉलरवर बांधलेली होती, १८८४ नंतर काही दाव्यांत करार करून २५ पर्यंत घेता येई. फी बांधलेली असल्यामुळे नफा संख्येत होता. वॉशिंग्टनचा जॉर्ज लेमन हा वकील तर माजी सैनिकांसाठी 'नॅशनल ट्रिब्यून' नावाचं पत्र चालवी आणि हजारो दावे हाताळी. घाऊक दावे चालवणाऱ्या कचेरीतून आलेला अर्ज छापील साच्यातला असे, आणि त्यात तुमच्या माणसाच्या मांडीचं वेगळेपण हरवून जाई.

संशय आला की कार्यालय विशेष तपासनीस पाठवी. तुमच्या पाकिटात 'साक्ष अ', 'साक्ष ब' असे क्रमवार कागद आहेत का? ते त्याचेच. तपासनीस गावोगाव फिरून अर्जदार, सोबती, शेजारी, डॉक्टर यांच्या जबान्या घेई आणि प्रत्येक साक्षीदार किती भरवशाचा यावर शेरा देई. अर्जदाराला हजर राहण्याचा, उलटतपासणी घेण्याचा हक्क होता. बरेच जण भाड्याला पैसे नाहीत म्हणून तो सोडून देत. संशोधकासाठी या जबान्या म्हणजे खजिना आहे. त्यांत माणसं आपल्या बोलीत बोलतात, लग्न, भांडणं, दारू, कर्ज सगळं येतं. दारूचा उल्लेख गंभीरपणे घ्या. आजार 'वाईट सवयींमुळे' जडला असं ठरलं की दावा संपला.

काळ्या पलटणींतल्या शिपायांच्या पाकिटात हीच साखळी जास्त ठिकाणी तुटते. गुलामगिरीत जन्मलेल्याची जन्मनोंद नाही. भरतीच्या वेळी मालकाचं आडनाव, मुक्तीनंतर स्वतः निवडलेलं वेगळं. लग्नाचा कागद नाही. लिहिता येत नाही म्हणून प्रत्येक कागदावर फुलीची निशाणी, आणि तिच्यावरच संशय. डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत म्हणून उपचाराची नोंदही नाही. त्यांचे दावे गोऱ्यांच्या मानाने जास्त प्रमाणात फेटाळले गेले. अशी पाकिटं वाचताना दोन्ही आडनावांनी शोध घ्यावाच लागतो.

नावाची गडबड जर्मन आणि आयरिश शिपायांचीही होते. उजवा हात गमावलेल्यांची जखमेआधीची आणि नंतरची सही जुळत नाही, कारण ते डाव्या हाताने लिहायला शिकले. हजेरीपटावर 'पळून गेला' अशी नोंद असेल तर ती आधी युद्धखात्याकडून पुसून घ्यावी लागे. इस्पितळातून घरी गेलेल्या, कागद हरवलेल्या कित्येकांवर हा शिक्का बसला होता. पुरुषवेशात 'फ्रँकलिन थॉम्पसन' या नावाने मिशिगनच्या दुसऱ्या पलटणीत लढलेल्या सारा एडमंड्सला पेन्शन मिळाली ती १८८४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) स्वतंत्र कायदा केल्यावर, महिना १२ डॉलर.

तुमच्या पाकिटात १८९० नंतरचा एक अर्ज असायलाच हवा, तो शोधा. २७ जून १८९० च्या कायद्याने दुसरी कडीच काढून टाकली. किमान ९० दिवस सेवा, सन्मानाने मुक्तता आणि अंगमेहनतीस असमर्थता, एवढं पुरे. इजा युद्धात झाली हे दाखवायची गरज नाही. दर महिना ६ ते १२ डॉलर. याच धर्तीचं विधेयक राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी १८८७ ला परत पाठवलं होतं, त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी १८९० चं मंजूर केलं. १८८८ ला फेटाळलेले हृदयविकार आणि संधिवात आता मोजले जाऊ लागले. मात्र दोन पेन्शनी एकदम घेता येत नसत. ८ डॉलर घेणाऱ्याला ते सोडून नव्या कायद्याखाली १२ पर्यंत जाणं फायद्याचं होतं, पाय गमावून ३६ घेणाऱ्याला नव्हतं. ६ फेब्रुवारी १९०७ च्या कायद्याने नुसतं वयही पुरेसं झालं: ६२ ला १२ डॉलर, ७० ला १५, ७५ ला २०.

दक्षिणेकडून, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या बाजूने, लढलेल्यांना वॉशिंग्टनकडून यातलं काही मिळत नव्हतं. त्यांची पेन्शन त्या त्या राज्याची, बहुधा युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झालेली आणि तुटपुंजी. तिथे शोधताना लक्षात ठेवा की अर्ज तो राहत होता त्या राज्यात असतो, लढला त्या राज्यात नव्हे.

आता तुमच्याकडे काय नाही ते बघा. मूळ पाकीट वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, अभिलेख गट १५ मध्ये असतं. नावानुसार सूची 'टी २८८', पलटणीनुसार 'टी २८९'. नाव सापडत नसेल तर पलटण आणि कंपनीवरून दुसऱ्या सूचीत शोधा, चुकीच्या स्पेलिंगवर हाच उपाय. सूचीच्या कार्डावर अर्जाचा क्रमांक आणि मंजुरीचा क्रमांक असे दोन वेगळे आकडे असतात. फक्त अर्जाचा असेल तर दावा कधीच मंजूर झाला नाही. विधवेने पुढे अर्ज केला असेल तर नवऱ्याचे कागद तिच्या पाकिटात हलवलेले असतात, म्हणून तिचाही क्रमांक द्या. अपंग अपत्यालाही हक्क होता. या युद्धाची शेवटची पेन्शन अशाच एका शिपायाच्या मुलीला, महिना ७३.१३ डॉलर, २०२० मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत मिळत होती.

सेवेची नोंद वेगळी मागवावी लागते, आणि इस्पितळातली 'कार्डावर उतरवलेली वैद्यकीय नोंद' त्याहून वेगळी. ती अभिलेख गट ९४ मध्ये आहे आणि पेन्शनच्या पाकिटात नसते. जखमेच्या प्रश्नावर तीच सर्वांत जवळची साक्ष, कारण ती १८६३ ची आहे, आठवणीवर विसंबलेली नाही. १८९८ चं एक परिपत्रक पाकिटात असेल, ज्यात शिपायाला बायकोचं माहेरचं नाव, लग्नाची तारीख आणि मुलांच्या जन्मतारखा विचारल्या आहेत. वंशावळ जुळवणाऱ्याला तो एक कागद पुरतो.

प्रती मागवताना 'निवडक कागद' असा पर्याय घेऊ नका, संपूर्ण पाकीट मागा आणि प्रत्येक कागदाची मागची बाजूही मागा. वैद्यकीय दाखल्याच्या पाठीवर वॉशिंग्टनच्या तपासणाऱ्याचा शेरा असतो. १८७७ च्या नामंजुरीचं खरं कारण, कागदाच्या पुढच्या बाजूवर नसेल तर, तिथे लिहिलेलं असेल.